हेडलाइटवरचा काळा ठिपका

तुमच्या मोटारसायकलचा उजेड समोरून कसा दिसतो, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? दुसऱ्याच्या गाडीचा नाही, स्वतःच्या. दुसऱ्याचा सगळ्यांनीच पाहिलेला असतो आणि त्याला शिव्याही देऊन झालेल्या असतात. स्वतःचा मी सव्वीस वर्षांची होईपर्यंत पाहिला नव्हता. आपण गाडीवर बसतो, उजेड पुढं जातो, आणि तो कुणाच्या डोळ्यांत जाऊन पडतो हे बघायला आपण तिथं नसतो.

मी पत्रकांवर वाढले. वडील परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या एका कचेरीत कारकून होते आणि कचेरी सुटल्यावर गावासाठी पत्रकं लिहायचे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. उरलेल्या पत्रकांची मी वह्यांना कव्हरं घालायचे. गणिताच्या वहीवर ‘हातपंप दुरुस्त करा’, इतिहासाच्या वहीवर ‘एसटी आमच्या फाट्यावर थांबलीच पाहिजे’. पहिलं जोडाक्षर मी ‘धिक्कार’ या शब्दात शिकले. मोठी झाल्यावर मीच पत्रकं लिहायला लागले. अंधश्रद्धेविरुद्ध तर मी इतकं लिहिलं, की गावातल्या बायका मला बघून पोरांच्या दंडाचा काळा दोरा पदराखाली झाकायच्या.

आणि माझे मामा महादेवाचे पुजारी. पालमहून आमच्या गावाला येताना आधी मामांचं गाव लागतं, मग माळ, माळावर महादेवाचं देऊळ, आणि पुढं आमचं गाव. त्या देवळातला सकाळ-संध्याकाळचा दिवा मामांच्या घराण्याकडं. आजोबांनी लावला, मग मामांनी. आमचं दोघांचं एका शब्दावर जमत नसे आणि एक दिवस बोलल्याशिवाय करमत नसे. आमच्याकडं मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. मामा वाकले की मी पाय मागं घ्यायची.

“मामा, हे बंद करा. माणसानं माणसाच्या पाया पडू नये.”

“मी कुटं तुझ्या पडायलोय? रीतीच्या पडायलोय,” ते म्हणायचे. “तू लय ओरडतीस बग पत्रकातून. माझ्या आरतीत बी ओरडणंच हाय, पण तिला निदान टाळ तरी असतोय.”

दोन वर्षांपूर्वी मला पालमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचं काम मिळालं. शेवटचा तास साडेपाचला संपायचा आणि आमच्या बाजूची एसटी पाचलाच निघून जायची. जीपवाला पंधरा माणसं भरल्याशिवाय हलायचा नाही. त्याच सुमारास मामांनी मोटारसायकल चालवणं सोडलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला होता, आणि समोरच्या गाड्यांचे नवे पांढरे दिवे त्यांना सोसत नव्हते. ते देवळात सायकलवर जायला लागले. गाडी छपरात झाकून पडली होती.

“घेऊन जा,” ते म्हणाले. “पोरगा पुण्यात हाय, त्याला ही जुनी गाडी कशाला? तुला चालवता येतीय का ते सांग.”

“पोरीला मोटारसायकल?” मामी घरातून म्हणाली. “स्कुटी तरी घ्या म्हणावं.”

“स्कुटी आपल्या रस्त्यानं दोन महिन्यात खुळखुळा होईल. हिनंच चालवावी. हिचा आवाज तसाबी गाडीपेक्षा मोठा हाय.”

अशी ती काळी, तेवीस वर्षांची गाडी माझी झाली. इंजिन ठणठणीत होतं. दुखणं एकच, तिचा दिवा. जुन्या गाडीचा हेडलाइट इंजिनाच्या जोरावर जळतो. रेस दिली की जरा पेटायचा, रेस सोडली की विझत आलेल्या निरांजनासारखा व्हायचा. खड्डा दिसला की आपण रेस सोडतो, म्हणजे नेमका खड्डा आला की अंधार. थंडीच्या दिवसांत साडेपाचला निघाले तरी माळापर्यंत पोचेस्तोवर अंधाराची झाकड पडायची. त्या रस्त्यावर नुकताच सिमेंटचा थर चढवला होता. रस्ता वीतभर उंच झाला आणि कडेची साईडपट्टी तशीच खाली राहिली. ठेकेदार मुरूम टाकायचा विसरला, आणि त्याला आठवण करून देणारं पत्रक अर्थात मी लिहिलं होतं. चाक कडेवरून उतरलं की माणूस सरळ खालच्या काळ्या मातीत.

शिवाय मी एकटी बाई, संध्याकाळची, मोटारसायकलवर. फाट्यावर बसलेली टोळकी काय बोलतात ते मला ऐकू यायचं. मला उजेड हवा होता. समोर कोण उभं आहे हे लांबूनच दिसायला हवं होतं. ही मागणी चुकीची होती असं मला आजही वाटत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी गाडी पालमच्या बस स्टँडजवळच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं हेडलाइट खोलला, आतला डोम बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. डोम म्हणजे बल्बच्या मागचं ते चकचकीत भांडं, उजेड पुढं फेकणारं. आमचं भांडं चकचकीत नव्हतं. गंजून त्याला देवी निघाल्यासारखं झालं होतं.

“मॅडम, ह्यात कितीबी भारी बल्ब टाका, उजेड डब्यातच राहतोय,” तो म्हणाला. “डोम आणि काच नवी टाकू. आणि एलईडी लावून देतो. सीधा बॅटरीवर. रेस सोडा न्हाईतर पकडा, दिवस उगवल्यावानी दिसतंय.”

“लावा.”

जुनी काच त्यानं बाजूला ठेवली तेव्हा तिच्यावरचा ठिपका मला नीट दिसला. काचेच्या मध्यावर, जरा वरच्या अंगाला, रुपयाच्या नाण्याएवढा काळ्या रंगाचा गोल. अनेकदा घासून पुसून त्याची कड विरली होती.

“ह्यो टिक्का नव्या काचेवर करायचा का?” मिस्त्रीनं विचारलं. तोही माझ्याच वयाचा. “पुराने लोगां लावायचे. नजरेचा असंल.”

झालं. मी पेटलेच. आधी ते दुकान म्हणजे सभा नाही हे मला कळायला हवं होतं, पण मी टायरच्या ढिगाऱ्याजवळ उभी राहून दहा मिनिटं बोलले. लोखंडाला नजर लागत नाही. लागली तरी काजळाच्या ठिपक्यानं उतरत नाही. अपघात टळतात ते ब्रेकनं, टिळ्यानं नाही. पंक्चर काढायला आलेले दोन म्हातारे मान डोलवत ऐकत होते. त्यातला एक शेवटी म्हणाला, “बरं बोलली. पर माझं पंक्चर आदी बगा.”

टिक्का केला नाही. जुनी काच मी पिशवीत घालून घेतली. ती मला वर्गात हवी होती.

सोमवारी मी ती काच अकरावीच्या वर्गात टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही काच एका पुजाऱ्याच्या गाडीची आहे. तिच्यावर काय आहे, सांगा.” नजर, दृष्ट, तीट, भराभर उत्तरं आली. मी प्रत्येकाची पाठ थोपटली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र काच हातात घेऊन बघत बसली.

“मॅडम, नजरेसाठी असता तर त्यांनी खाली लिंबू-मिरची बी बांधली असती ना?”

“माणूस सगळ्या अंधश्रद्धा एकदम पाळत नाही,” मी म्हणाले. वर्ग हसला. मुलीनं काच परत टेबलावर ठेवली. मामांच्या गाडीला मी जन्मात कधी लिंबू-मिरची पाहिली नव्हती, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. आठवलं नाही. तयार उत्तर तोंडात असलं की आठवण चालत नाही.

नवा दिवा मात्र काय सांगू. पांढराशुभ्र. पहिल्या संध्याकाळी मी माळावरून आले तेव्हा रस्ता, बाभळी, विजेचे खांब, सगळं दुधात धुतल्यासारखं. फाट्यावरच्या टोळक्यानं हात डोळ्यांवर घेतले आणि कुणी एक शब्द बोललं नाही. मला फार बरं वाटलं. मी दिवा कायम अप्परवरच, म्हणजे लांबच्या झोतावरच, ठेवायला लागले. समोरच्यानं डिप्पर मारून विनंती केली तरी मी खाली घ्यायची नाही. इतकी वर्षं मी तुमच्या दिव्यांनी दिपले, आता तुम्ही दिपा, असं काहीतरी मनात होतं. ते मी कुठल्या पत्रकात लिहिलं नसतं, पण होतं.

असे आठ-दहा दिवस गेले असतील. एका सकाळी मामीचा फोन आला. मामा पडले होते. आदल्या संध्याकाळी दिवा लावून परत येताना, समोरून पांढऱ्या दिव्याची गाडी आली, काही दिसेना झालं, आणि सायकल कडेवरून खाली गेली. घोटा मुरगळला होता, कोपर सोललं होतं. तेलाचा डबा सांडला होता. थोडा वेळ ते तसेच खाली बसून राहिले, मग एका ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना उचलून घरी आणलं.

कॉलेजला निरोप देऊन मी तशीच निघाले. मामा पडवीत बाजेवर बसले होते. घोट्यावर हळदीचा लेप, वर फडकं. मामी दारात, आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“ह्यांचं संध्याकाळचं जाणं बंद,” ती मला म्हणाली. “पोराशी बोलले मी सकाळी. तो बी तेच म्हणायलाय. दिवा दुसरा कोणीतरी लावल. एवढी वर्षं लावला, झालं की.”

मामा कोपऱ्यातल्या रिकाम्या तेलाच्या डब्याकडं बघत होते. मामांचा देव माझा नव्हता. पण सत्तरीला आलेला माणूस रोज संध्याकाळी स्वतःच्या सायकलवरून, स्वतःच्या कामाला, स्वतःच्या रस्त्यानं जातो, हे जाणं माझंही होतं. ते गेलं तर मामा बाजेवरून उठायचे नाहीत, हे मामीलाही कळत होतं. म्हणूनच तिचा आवाज खाली होता.

मी तिथंच वही काढली आणि बाजेच्या कडेला बसून पत्रक लिहिलं. वीस मिनिटांत. मग उभी राहून वाचून दाखवलं. ‘एका वृद्धाला खड्ड्यात लोटून पळून जाणाऱ्या त्या बेशरम, मग्रूर, नराधम वाहनचालकाचा आम्ही जाहीर धिक्कार करतो’, अशी सुरुवात होती. पुढं तो सापडला तर काय करावं याबद्दल चार सूचना होत्या.

मामा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“जोर हाय,” ते म्हणाले. “पण ‘नराधम’ काढ त्यातलं.”

“का काढू? थांबलासुद्धा नाही तो!”

“त्याला दिसलंच न्हाई, तर थांबल कसं? माणूस तसा बरा हाय.”

“म्हणजे? तुमी ओळखता त्याला?”

“तोंड कुटं दिसायलंय त्या उजेडात? आवाज ओळखला.” मामांनी घोट्यावरचं फडकं सारखं केलं. “गाडीचा. तेवीस वर्षं जी गाडी चालवली तिचा आवाज मला कळणार न्हाई? तिसऱ्या गेअरला ती जरा खाकरती. आदीपासूनच.”

ती संध्याकाळ मला तेव्हा आठवली. माळाच्या उतारावर, उजेडाच्या कडेला सायकलची घंटी वाजली होती. कुणीतरी बाजूला झालं असावं, असं वाटलं होतं. मी तिसऱ्या गेअरमध्ये होते आणि साईडपट्टीच्या दुसऱ्या पत्रकाची वाक्यं जुळवत होते.

वही माझ्या हातात होती आणि तिच्यातले शब्द मला वर बघू देईनात. मी खाली बसले आणि मामांच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला.

“बग, बग,” मामा मामीला हाक मारून म्हणाले, “भाची मामाच्या पाया पडायली! आज सगळंच उलटं व्हायलंय.”

मामी मात्र हसली नाही. “तूच होतीस?” एवढंच तिनं विचारलं आणि आत गेली. थोड्या वेळानं तिनं मला चहा आणून दिला, पण बशी न देता. तेवढी शिक्षा मला योग्य वाटली.

“काचेवर ठिपका होता, तो ठिवलास का नव्या काचेवर?” मामांनी विचारलं.

“नाही. तो… नजरेचा होता ना?”

मामा इतके हसले की घोटा दुखायला लागला. “अगं माय, त्या खटाऱ्याला कोण नजर लावल? आमच्या टायमाला समद्याच गाड्यांना असायचा. ट्रकवाल्यांची तर वरली अर्धी काच काळी. समोरच्याच्या डोळ्यात सीधी किरणं जाऊ नयेत म्हणून. मला गाडी शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, दिवा आपल्याला दिसायसाठी असतोय, दुसऱ्याला दिपवायसाठी न्हाई. ठिपका झिजला की मी दर दसऱ्याला नवा काढायचो. पूजेच्या वक्ताला काढायचो, म्हणून तुला देवाधर्माचा वाटला असंल.”

माझ्या तीन पत्रकांत एक वाक्य होतं, ‘आधी विचारा, मग माना’. आधी विचारा, मग नाकारा, हे मात्र मी कुठंही लिहिलं नव्हतं.

“संध्याकाळपर्यंत थांब,” मामा म्हणाले. “आणि बग स्वतः.”

मी थांबले. दिवेलागणीला मामांच्या गल्लीत गाडी मधल्या स्टँडवर लावली, दिवा अप्परवर केला, मामांची सायकल घेतली आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन वळले. सायकलवर बसून दोन पॅडल मारले असतील नसतील, डोळे आपोआप मिटले. मिटलेल्या पापण्यांतूनही पांढरं दिसत होतं. गल्ली नव्हती, घरं नव्हती, माझ्या पायाखाली काय आहे तेही नव्हतं. मी पाय टेकला तो गटाराच्या कडेवर. मामी दारातून ओरडली, “डिप्परवर टाकून बग!” आणि तिनंच जाऊन खालच्या झोताचं बटण दाबलं. काही फरक पडला नाही. माझ्या तरुण, चांगल्या डोळ्यांची ही गत, तर मोतीबिंदूच्या डोळ्यांचं काय झालं असेल?

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीसमोर उभी राहिले. त्याला दोष द्यायची माझी तयारी होती, पण तो आधीच म्हणाला, “मॅडम, तुमीच म्हणाल्या होता, जास्तीत जास्त.” खरं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून तो दिवा समजून घेतला. त्याच्या ओळखीचा परभणीचा एक जुना इलेक्ट्रिशियन होता, त्याला त्यानं फोन लावला. त्यानं जे सांगितलं ते असं. जुन्या गाडीचा डोम पिवळ्या बल्बसाठी बनवलेला असतो. त्या बल्बची तार ज्या जागी जळते, त्या जागेचा हिशोब धरून डोमचा आकार असतो. एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघाला नाही तर तो रस्त्यावर न पडता चहूकडं उधळतो, झाडांवर, खांबांवर, समोरच्याच्या तोंडावर. मला बाभळीचे शेंडे लख्ख दिसायचे याचं मला कौतुक वाटलं होतं. शेंड्यांवर मला गाडी चालवायची नव्हती.

“मग उजेड कमी करायचा?” मी विचारलं. मनातून मला तीच भीती होती. पुन्हा ते विझतं निरांजन, पुन्हा फाटा.

“कमी कशाला?” फोनमधला माणूस म्हणाला. “डोम नवाच हाय, काच नवीच हाय. कंपनीच्या वॅटचा पिवळा बल्ब टाका, आणि वायर जाड टाकून रिले लावा. करंट पुरा पोचला की बगा गंमत. आणि मग भिंतीवर लेव्हल करा. बिगर भिंतीचा दिवा म्हंजे बिगर मापाचा सदरा.”

गंमत खरंच होती. पिवळा बल्ब, जाड वायर, रिले नावाची काड्यापेटीएवढी डबी, आणि दिवा बॅटरीवर. उजेड दुधासारखा नव्हता, पण रस्त्यावरचा खडा न् खडा दिसत होता, रेस सोडल्यावरसुद्धा. मधल्या तेवीस वर्षांत दिवा कमजोर नव्हताच. गंज आणि सुतासारखी वायर मिळून त्याला पोचू देत नव्हती.

भिंत राहिली होती. ती मामांनी दिली. देवळाच्या आवाराची चुन्याची भिंत, पुढं सपाट जागा. मामा दिवेलागणीला बैलगाडीत बसून आले, लंगडत उतरले, आणि गेरू भिजवलेली वाटी माझ्या हातात दिली. गाडी भिंतीला नाक लावून उभी केली, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर मी भिंतीवर गेरूची आडवी रेघ ओढली. मग गाडी सरळ दहा पावलं मागं. मी तिच्यावर बसले, कारण रिकाम्या गाडीचं माप उपयोगाचं नसतं. डिप्परवर उजेडाची वरची कड रेघेच्या वर वीतभर चढली होती. पालमहून मुद्दाम आलेल्या मिस्त्रीनं हेडलाइटच्या बाजूचे दोन बोल्ट ढिले केले, डब्बा जरासा वाकवला. कड उतरत उतरत रेघेखाली चार बोटं आली. बोल्ट आवळले. एवढंच. सगळं मिळून दहा मिनिटं.

“आता मागं पोतं टाक,” मामा म्हणाले. मी सोयाबीनचं अर्धं पोतं मागं बांधलं, आणि कड पुन्हा रेघेवर गेली. मागं वजन पडलं की गाडीचं नाक वर उचलतं. मागं पोतं, नाहीतर मागं दोन माणसं, हा तर आमच्याकडचा रोजचा शिरस्ता. म्हणून पोत्यासकट कड पुन्हा रेघेखाली घेतली.

मग समोरून मामांनी पाहिलं. डोळ्यांवर हात न घेता ते गाडीकडं चालत आले. “हां,” ते म्हणाले. “आता ठिपका नसला तरी चालंल.”

मला वाटलं, जमलं. पण मामी हटली नाही. “तुझी एक गाडी नीट झाली. बाकीच्यांचं काय? सगळ्या पंचक्रोशीत तुझ्या एकटीचीच गाडी हाय का?” ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं.

म्हणून मी पुन्हा वही काढली. पहिलं पत्रक फाडलं. दुसऱ्यात धिक्कार नव्हता. पत्रकात धिक्कार न करता लिहायची ही माझी पहिलीच वेळ, चार दिवस लागले. सुरुवात मी कबुलीनं केली. सायकलवरच्या एका म्हाताऱ्या माणसाला रस्त्याखाली घालवणारी गाडी माझी होती, असं लिहिलं. वडिलांनी वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्या पत्रकात एकही शब्द वाढवला नाही.

पत्रक वाटायच्या आधी मला वर्गात जायचं होतं. जुनी काच मी पुन्हा टेबलावर ठेवली. “मी चुकले होते,” म्हणाले, आणि सगळं सांगितलं, ‘नराधम’ शब्दासकट. हसू यायची वाट बघत होते. कुणी हसलं नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीला मी म्हणाले, “तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी तो उडवून लावला.”

ती म्हणाली, “मॅडम, आमच्या पप्पांच्या गाडीचा दिवा बी तसाच हाय. कुटं आणायची गाडी?”

पुढच्या सोमवारी संध्याकाळी, देवळात लोक येतात त्या वेळेला, भिंतीसमोर सात गाड्या आल्या. मिस्त्री पाने घेऊन हजर. एकजण नव्या मोठ्या गाडीवर आला, बंपरला वेगळे दोन पांढरे दिवे लावलेला. पत्रक हातात धरून मोठ्यानं म्हणाला, “मास्तरीणबाई, उजेड कमी करून वीज वाचवायलाव का? का सगळ्यांनी आता कंदील लावावं?”

“नको,” मी म्हणाले. “तुमी फक्त तिकडं, भिंतीपाशी जाऊन उभे राहा. तुमची गाडी मी चालू करते.”

तो ऐटीत जाऊन उभा राहिला. मी बटण दाबलं. आधी त्याचा हात डोळ्यांवर गेला, मग त्याची पाठ फिरली. “अय, बंद करा, बंद करा!” पाठीमागं लोकांचा हशा. मामा बाकावरून म्हणाले, “मुजरा कर रं, तुझीच गाडी हाय ती.” तो परत आला, डोळे चोळत, आणि मिस्त्रीला म्हणाला, “ह्यांची बी नाकं खाली करा.” त्यानंतर मी त्याला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. इतकी वर्षं मी भाषणं केली, आणि माणसाला त्याच्याच दिव्यासमोर उभं करायचं मला सुचलं नव्हतं.

दर सोमवारी गाड्या यायला लागल्या. कधी बारा, कधी दोनच. सगळ्यांचेच दिवे सुधारले असं मी म्हणणार नाही. पालमकडून जाणाऱ्या परगावच्या गाड्या अजून आंधळं करत जातात. साईडपट्टी अजून भरलेली नाही, आणि तो पाठपुरावा मी सोडलेला नाही, ठेकेदारानं निश्चिंत राहू नये. पण आमच्या दोन गावांमधल्या त्या पट्ट्यावर संध्याकाळी आता दिवा खाली होतो. समोरून सायकल आली की होतोच.

संक्रांतीनंतर मामीनं अटी घातल्या. सायकलला मागं-पुढं चमकपट्टी, गळ्यात शिट्टी, आणि घरी परतायला उशीर झाला तर भाचीला फोन. शिट्टी मामांना अपमानाची वाटली. “मी काय रेफरी हाय?” पण त्यांनी ती जानव्याला बांधली.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम हळू आले. माळाच्या उतारावर समोरून दोन पट्ट्या चमकल्या, मग सायकलचं चाक, मग हँडलला अडकवलेला तेलाचा डबा, आणि मग मामांचं तोंड. सगळं दिसत होतं. मी दिवा खाली घेतला. त्यांनी घंटी वाजवली आणि शिट्टीही, दोन्ही, उगाच. गाडी तिसऱ्या गेअरमध्ये जराशी खाकरली.

आता तुमच्याकडं माझं एक मागणं आहे. हे वाचून झालं की ठेवून देऊ नका. आज दिवेलागणीला तुमची गाडी एखाद्या भिंतीसमोर न्या. दिव्याच्या उंचीवर खडूनं रेघ ओढा, दहा पावलं मागं या, रोज जेवढं वजन मागं असतं तेवढं ठेवून गाडीवर बसा आणि डिप्परवर बघा. उजेड रेघेच्या वर गेला असेल तर दोन बोल्ट ढिले करा आणि खाली आणा. आणि ते झालं की गाडीवरून उतरून समोर जा, आणि एकदा, फक्त एकदा, तुमच्याच उजेडाकडं तोंड करून उभे राहा.